नागपूरचे नळ आणि बिनींचे कोष्टक



मराठीच्या प्राध्यापकाने पाणीपुरवठ्याच्या इतिहासावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु नागपुरात माणसे ‘पाणी आले का’ याऐवजी ‘नळ आले का’ असे विचारतात. नळाने जिथे बोलीत असे घर केले, तिथे भाषेच्या अभ्यासकालाही थोडा अधिकार पोहोचतो. शिवाय नागपूर आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत ते बालाघाटचीही राजधानी होते आणि भरवेलीच्या खाणीचा कारभार आजही तिथूनच चालतो.

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, १८६४ साली नागपूरला नगरपालिका आली. राजधानी म्हटली की कचेऱ्या आल्या, वस्ती आली. भोसल्यांच्या काळचा अंबाझरी तलाव मात्र होता तेवढाच होता. १८६८ साली हिंदुस्थानात आलेल्या अलेक्झांडर बिनी या अभियंत्याने त्याचा बांध उंचावला आणि १८७३ साली शहराला नळाचे पाणी मिळाले. हेच बिनी पुढे लंडनचे मुख्य अभियंता झाले. टेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्यांचाच.

माझ्या मते बांधापेक्षा त्यांची वही मोलाची. पाऊस किती पडला आणि त्यातले पाणी वाहून तलावात किती आले, याची मोजदाद त्यांनी १८६९ ते १८७२ या काळात नागपूरजवळ केली. त्या कोष्टकानुसार वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस झाला तर ३८ टक्के पाणी वाहून येते, म्हणजे ३८० मिलिमीटर. पाऊस निम्म्यावर, ५०० वर आला, तर केवळ १५ टक्के, म्हणजे ७५. पाऊस निम्मा, पण तलावात पाणी पाचव्या हिश्श्याहूनही कमी! तहानलेली जमीन आधी आपला वाटा घेते, हे शेतकऱ्याला ठाऊक होतेच. बिनींनी त्याला आकडा दिला. विदर्भ आणि मध्य प्रदेशासाठीचे म्हणून हे कोष्टक अभियांत्रिकीच्या पुस्तकांत अजूनही छापले जाते.

शहर वाढत गेले. अंबाझरी अपुरा पडला, गोरेवाडा झाला, मग कन्हान नदी, त्यानंतर पेंच. या दोन्ही नद्या छिंदवाड्याकडून येतात, हे नळाखाली बादली लावणाऱ्याच्या ध्यानात सहसा नसते. ते २०१९ च्या जुलैत आले. आदल्या पावसाळ्याने दगा दिला होता, पेंचवर वर चौराईचे धरण झाले होते आणि खाली तोतलाडोह आटला. नागपुरात पाणी एक दिवसाआड झाले.

तेव्हा मी लेकीकडे होतो. जावईबापू रिकाम्या ड्रमकडे बोट दाखवून म्हणाले, “बाबा, तुमच्या मध्य प्रदेशाने आमचे पाणी अडवले!” धरणाचा वाटा मी नाकारला नाही. चौराईच्या शेतकऱ्यालाही पाणी हवेच, एवढे म्हटले आणि बिनींचे कोष्टक त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले. मग विचारले, “यंदा पाऊस किती झाला?”