शिधा आणि स्वातंत्र्य : दंडकारण्य ते मरीचझापी

निर्वासितांच्या छावण्यांचा इतिहास बहुधा किती जणांना आसरा मिळाला, या आकड्यांतच सांगितला जातो. आसरा देणाऱ्या शासनाने त्या माणसांवर किती सत्ता गाजविली, हा प्रश्न मागेच राहतो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची कहाणी या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे.

फाळणीनंतर आलेली असंख्य कुटुंबे पश्चिम बंगालमधील सरकारी छावण्यांत राहिली. त्यांत नामशूद्र शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. १९५८ मध्ये केंद्र सरकारने बस्तर व कोरापुटच्या वनप्रदेशासाठी दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन केले. तिकडे जाण्यास जो नकार देईल, त्याच्या हाती काही महिन्यांचा निर्वाहभत्ता देऊन छावणीतील नाव कमी करण्याचे धोरण ठरले. कोठे राहावे, हे ठरविण्याचा अधिकार अशा रीतीने शिध्याच्या बदल्यात गहाण पडला. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतही या निर्वासितांच्या वसाहती झाल्या.

नदीकाठच्या शेतकऱ्यांना दंडकारण्यातील खडकाळ, पाण्याविना कोरडी जमीन मानवली नाही. विरोधात असताना डाव्या पक्षांनी या स्थलांतरास विरोध केला होता आणि १९७७ मध्ये तेच पश्चिम बंगालमध्ये सत्तेवर आले. त्या आशेने १९७८ च्या आरंभी हजारो कुटुंबे परत निघाली. बहुतेकांना वाटेतूनच माघारी धाडण्यात आले. काही सहस्र मात्र सुंदरबनातील मरीचझापी बेटावर पोहोचले. तेथे त्यांनी शासकीय मदतीविना बांध घातले, शाळा व दवाखाना उभारला. बेट राखीव वन असल्याने ही वस्ती बेकायदा आहे, अशी शासनाची भूमिका होती.

२४ जानेवारी १९७९ पासून जमावबंदी लागू करून पोलिसांच्या लाँचांनी बेटास वेढा घातला. पिण्याचे पाणी, अन्न व औषधे अडवू नयेत, असा अंतरिम आदेश कलकत्ता उच्च न्यायालयाने दिला. तरीही मे महिन्यात झोपड्या जाळून वस्ती उठविण्यात आली. मृतांच्या संख्येविषयी आजही एकमत नाही.

वनरक्षण हे शासनाचे कर्तव्य होते, हे खरे. परंतु पाणी तोडणे हा त्याचा मार्ग नव्हे. जी मदत आज्ञाभंग होताच थांबते, ती आधार न राहता लगाम होते. हा बोध शासनाइतकाच, आपत्तीत धावून जाणाऱ्या प्रत्येक संस्थेनेही ध्यानी ठेवावा.