इजारा : मजुरीच्या एका कराराची कुळकथा

मराठीत इजारा म्हटले की आज मक्ता किंवा मक्तेदारीच मनात येते. परंतु इस्लामी न्यायशास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये, ते भाडे आणि मजुरी यांच्या कराराचे नाव असून घोडा, घर आणि माणसाचे श्रम या तिन्हींचा विचार तेथे एकाच प्रकरणात होतो. कुराणातील ‘अल-कसस’ या सूऱ्यात मूसाने मिद्यानच्या एका वृद्धाकडे आठ किंवा दहा वर्षे राबण्याचा ठराव आहे, तर मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी चुकती करावी ही ताकीद इब्न माजा यांच्या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या संकलनात, येते.

या ताकिदीचे नियम न्यायपंडितांनी बांधले. बाराव्या शतकात मर्गीनानी यांनी रचलेल्या आणि हिंदुस्थानात प्रमाण मानल्या गेलेल्या ‘हिदाया’ या हनफी पंथाच्या ग्रंथानुसार काम आणि मजुरी दोन्ही आधी ठरलेली असावी लागतात. ठराव सदोष निघाला तरी केलेल्या कामाबद्दल मजुराला ‘अज्र-ए-मिस्ल’, म्हणजे तशाच कामाचा चालू दर, मिळतो, मात्र ठरलेल्या रकमेहून अधिक नाही. रंगाऱ्याला पैसे हाती पडेपर्यंत कापड अडवून ठेवता येते, कारण त्याचे श्रम कापडात उतरलेले असतात. हमालाला ओझे अडवता येत नाही, कारण वाहून नेल्याची खूण मालावर उरत नाही. भेद तर्काला धरून आहे खरा, पण हातावर पोट असलेल्यालाच तो उघड्यावर टाकतो. काम पुरे झाल्यावर दराचा तंटा उभा राहिला तर शपथेवर मालकाचा शब्द धरला जाई, आणि मजुरांनी एकजुटीने काम बंद पाडण्याला या मांडणीत जागाच नाही.

मोगल अमलात इजारा म्हणजे महसूलवसुलीचा मक्ता हा अर्थ रूढ झाला आणि श्रमाचा करार मागे पडला. पुढे हैदराबादच्या निजामी राज्यात तर मजुरीचा ठरावही उरला नाही. जिवतीचा डोंगराळ मुलूख तेव्हा राजुऱ्यासह निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता (तो १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला), आणि या पट्ट्यातील गोंड-कोलामांकडून सरकारी शिपाई बेगार, म्हणजे बिनमोबदल्याचे सक्तीचे काम, करवून घेत. मजुरी आधी ठरवा, या फिकहच्या पहिल्याच अटीला मुस्लिम राज्यात मिळालेली ही तिलांजली होती. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांच्या बंडाचे नेते कोमरम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना आदिवासींच्या पाहणीसाठी नेमले. बेगारीवरील घटनात्मक बंदी संविधानाच्या कलम २३ ने आली.

मजुरीचा तोच प्रश्न आज चंद्रपूर-गडचिरोलीच्या तेंदू हंगामात, म्हणजे बिडीची पाने तोडण्याच्या दिवसांत, भेटतो. तेथे सत्तर पानांचा पुडा बांधून फडावर, म्हणजे पाने मोजण्याच्या व वाळवण्याच्या जागी, मांडला जातो आणि फडमुन्शी तो मोजून घेतो. कामाचे माप येथे चोख असते, तंटा होतो तो शेकड्याच्या दरावर आणि नापास ठरवलेल्या पुड्यांवर. हिदायाच्या कसोटीने पाने तोडणारा रंगाऱ्याच्या जवळचा की हमालाच्या, हे सांगणे कठीण आहे. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपाने गौण वनोपज म्हणून वनहक्कधारकांच्या मालकीची ठरवल्यापासून जेथे ग्रामसभा स्वतःच लिलाव करते, तेथे माल अडवण्याचा हक्क मजुरीच्या करारातून नव्हे, तर मालकीतूनच येतो.