कार्ब्युरेटरची गळती (जुन्या मोटारसायकली)

कार्ब्युरेटरची गळती म्हणजे मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल बाहेर ठिबकणे अथवा गरजेपेक्षा अधिक प्रमाणात इंजिनात उतरणे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर भारतातील नव्या मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटरची जागा प्रामुख्याने इंधन अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. तथापि राजदूत, येझ्दी, यामाहा आरएक्स १००, हीरो होंडा सीडी १०० यांसारख्या जुन्या गाड्या ग्रामीण महाराष्ट्रात अद्याप वापरात आढळतात. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यासारख्या ऊसपट्ट्यात अशी गाडी दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे आणि शेताच्या कच्च्या वाटा यांसाठी राबते. तेथे हा दोष किरकोळ समजून अंगावर काढला जातो, हे योग्य नाही.

रचना व कार्य

टाकीतील पेट्रोल कॉकमधून, केवळ गुरुत्वाकर्षणाने, कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीत उतरते. या वाटीत पितळी किंवा प्लॅस्टिकचा पोकळ फ्लोट तरंगत असतो. पातळी वाढली की फ्लोट वर उचलला जातो व त्याच्या पत्र्याची लहानशी जीभ एका सुईला वर ढकलते. सुईचे निमुळते टोक पेट्रोलच्या वाटेवरील बैठकीत बसते आणि प्रवाह थांबतो. घरावरील पाण्याच्या टाकीत चेंडूचा कॉक हेच काम करतो. पातळी तरीही वाढलीच, तर वाटीतील उभ्या नळीवाटे जादा पेट्रोल बाहेर पडावे अशी सोय बहुतेक कार्ब्युरेटरांत असते. हिला ओव्हरफ्लो नळी म्हणतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ओव्हरफ्लो नळीतून ठिबकणारे पेट्रोल हा दोष उघड करणारा इशारा असतो. ठिबकणे थांबावे म्हणून ही नळी बुजवणे हा सर्वांत घातक उपाय होय. बाहेरची वाट बंद झालेले पेट्रोल मग इंजिनाकडे वळते.

जावा-येझ्दीसारख्या काही जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरवर टिकलर नावाची कळ असते. थंड इंजिन सुरू करताना ती दाबून फ्लोट मुद्दाम बुडवला जातो आणि पेट्रोलचे थेंब बाहेर येतात. ही गळती नव्हे. मात्र कळ सोडल्यावरही थेंब थांबत नसतील, तर कळ अडकली आहे किंवा सुई बसत नाही असे समजावे.

गळतीचे स्थान ओळखणे

कार्ब्युरेटर खोलण्यापूर्वी पेट्रोल नेमके कोठून येते हे पाहणे आवश्यक असते. बरीच अनावश्यक खोलाखोल ही पायरी गाळल्याने होते. गाडी मुख्य स्टँडवर सरळ उभी करावी, कारण बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीत फ्लोट तिरका राहून निर्दोष कार्ब्युरेटरही ठिबकू शकतो. इंजिन बंद व थंड असताना कार्ब्युरेटर फडक्याने कोरडा पुसावा, कॉक उघडावा आणि काही मिनिटे निरीक्षण करावे.

वाटी व मुख्य भाग यांच्या सांध्यातून ओल दिसल्यास गॅस्केट किंवा रबरी कडे कडक झालेले असते, अथवा स्क्रू विषम आवळल्याने वाटीची कड वाकलेली असते. तळाच्या निचरा-स्क्रूतून थेंब पडत असल्यास त्याचे वायसर किंवा आटे तपासावेत. कित्येकदा दोष कार्ब्युरेटरचा नसतोच. पेट्रोलची चिरलेली नळी किंवा कॉकचा झिजलेला रबर यांतून येणारे पेट्रोल ओघळत खाली येऊन कार्ब्युरेटरवर ठपका ठेवते.

ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल येत असल्यास संशय सुई, बैठक व फ्लोट या तिघांवर जातो. निचरा-स्क्रूपाशी पारदर्शक नळी जोडण्याची सोय असेल, तर ती नळी वाटीच्या बाजूने उभी धरून स्क्रू किंचित सैल करावा. आतील पातळी बाहेर दिसते. पातळी ठरलेल्या उंचीवर स्थिर असूनही ठिबकणे चालूच राहिले, तर वाटीतील उभी नळीच तडकलेली असते. हा दोष सहसा लक्षात येत नाही आणि सुया बदलत राहूनही गळती थांबत नाही, याचे ते एक कारण आहे.

कारणे व दुरुस्ती

सर्वांत सामान्य कारण म्हणजे कचरा. जुन्या टाकीतील गंजाचा एखादा कण सुई व बैठक यांच्यामध्ये अडकला तरी प्रवाह थांबत नाही. गॅरेजमध्ये स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके ठोके देतात, त्याने अडकलेली सुई तात्पुरती सुटते. टाकीतील गंज मात्र तसाच राहतो. टाकी धुणे व नळीवर फिल्टर बसवणे हा खरा उपाय होय.

सुईच्या निमुळत्या टोकावर बोटाच्या नखाला जाणवेल असे कडे उमटले असेल, तर ती बदलावी. बैठक सुटी निघत असल्यास तीही सोबत बदलावी, कारण झिजलेल्या बैठकीत नवी सुई फार काळ टिकत नाही. टोकाला रबर असलेल्या सुईला घासकागद लावू नये. जेटची छिद्रे तारेने साफ करण्याची सवयही सोडावी. मऊ पितळेतील छिद्र मोठे होते आणि गळती थांबली तरी मायलेज घटते.

फ्लोट कानाशी हलवल्यास आत पेट्रोल खुळखुळते का ते कळते. शंका असल्यास तो गरम पाण्यात बुडवावा. छिद्र असेल तेथून बुडबुडे येतात. पितळी फ्लोटला डाग देता येतो, पण आतील पेट्रोल व त्याची वाफ पूर्णपणे काढल्याशिवाय नाही, अन्यथा स्फोट होऊ शकतो. डागाच्या वजनाने फ्लोट जड होऊन पातळी पुन्हा वाढते, म्हणून डाग शक्य तितका थोडा असावा.

फ्लोटची उंची मोजताना कार्ब्युरेटर उलटा, किंचित तिरपा धरतात. जीभ सुईला जेमतेम टेकलेली असावी, सुईतील स्प्रिंग दबता कामा नये. गॅस्केटच्या पृष्ठापासूनचे अंतर मोजून जीभ अगदी थोडी वाकवली जाते. हे अंतर प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते व त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावे लागते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प भारतात २००१ साली झाले. त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातील होती. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल विक्रीस आले. माळीनगर येथे १९३२ पासून साखर उद्योग असलेल्या माळशिरस तालुक्यात या विषयाला दोन बाजू आहेत. इथेनॉलची मागणी उसाच्या धंद्याला आधार देते, आणि तेच इंधन शेतकऱ्याच्या जुन्या गाडीतील रबराला मानवत नाही. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते व पुढे कडक होते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. गाडी अनेक आठवडे उभी राहिल्यास पाणी तळाशी साचून जस्तमिश्रित धातूवर पांढरा थर धरतो. टाकीतील जुना चिकट थर सुटून कार्ब्युरेटरपर्यंत येतो. तरीही प्रत्येक गळतीचे खापर इथेनॉलवर फोडणे बरोबर नाही, कारण झिजलेली सुई व गंजलेली टाकी हे दोष त्याच्याही आधीचे आहेत. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे भाग वापरणे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवताना वाटी रिकामी करणे एवढे केल्यास त्रास बराच कमी होतो.

धोके

पेट्रोल सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पेट घेण्याजोगी वाफ देते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. गोठ्यात किंवा पडवीत चूल, देवघरातील समई अथवा विजेचे बटण यांच्याजवळ ठिबकणारी गाडी उभी करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

चार स्ट्रोक इंजिनात गळणारे पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली व त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता प्रथम गळती थांबवावी आणि मगच ऑइल बदलावे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करीत नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असल्यास किक अर्ध्यावर अडते. अशा वेळी जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. कॉक बंद करून व प्लग काढून, ठिणगी उडणार नाही याची काळजी घेत किक सावकाश फिरवली जाते. दोन स्ट्रोक इंजिनात हेच पेट्रोल क्रँककेसमध्ये साचते आणि प्लग काळा व ओला होतो.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी करताना दर वेळी कॉक बंद करणे पुरेसे ठरते, परंतु कॉक स्वतः घट्ट बंद होत असेल तरच. बंद कॉकची नळी काढून तिच्याखाली रात्रभर लहान डबा ठेवल्यास, सकाळी डब्यात पेट्रोल आहे की नाही यावरून त्याची खात्री होते. डबा अर्थातच मोकळ्या हवेत व विस्तवापासून दूर ठेवावा.