आमच्या घरचा गोळीसाचा आणि सुरतेची लूट



यंदा शिवजयंतीला आमच्या इथल्या मराठी मंडळाने घरोघरच्या जुन्या वस्तू मांडायचे ठरवले. कोणी तांब्याचा बंब देणार, कोणी आजीचे जाते. लगेच सोनगडहून दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा फोन. "आपला गोळीसाचा दे. खाली चिठ्ठी लिही, सुरतेच्या लुटीत पूर्वजांना मिळालेला, १६६४."

हा साचा पाहणाऱ्याला अडकित्ताच वाटतो. लोखंडाच्या दोन दांड्या, टोकाला दोन अर्ध्या वाट्या. मिटल्या की आत गोळीएवढी पोकळी राहते. वर शिसे ओतायला भोक आणि त्या भोकावर सरकणारे पाते. एका दांडीवर इंग्रजी आकड्यांत १६ ठोकलेले आहे. घरात सांगत आले की हे १६६४ मधले १६, पुढचे ६४ झिजून गेले. महाराजांनी इंग्रजांची कोठी लुटली तेव्हा आमच्या पूर्वजाने हा साचा उचलला म्हणे. मीसुद्धा शाळेत छाती फुगवून हे सांगितलेले आहे.

पण छत्तीस वर्षे बँकेत काढली. व्हाउचर पाहिल्याशिवाय सही नाही, ही सवय जात नाही. चिठ्ठी लिहायला बसलो आणि पेनच चालेना.

आधी या साच्यात गोळी पडताना मी पाहिली आहे ते सांगतो. ५८-५९ साल असेल. सोनगड म्हणजे पिलाजीराव गायकवाडांचे गाव, सुरत-भुसावळ लाईनवरचे. तेव्हा उकाईचे धरण झाले नव्हते आणि जंगल पार शेताच्या बांधापर्यंत होते. ज्वारीत रानडुकरे शिरत. आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. दिवाळीच्या सुटीत ते गोळ्या ओतायला बसत. पावसाळ्यात कधीही नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची वाफ होऊन शिसे कारंज्यासारखे उडते. त्यांच्या मनगटावर तसा एक पांढरा डाग होता, तो दाखवून ते आम्हा पोरांना दहा पावले लांब बसवत.

शेगडीवर लोखंडी पळीत शिसे ठेवायचे. हे शिसे कुठले? तापीतल्या मासेमारांच्या जाळ्यांचे जुने मणी, भंगारातल्या नळाचे तुकडे. नखाने ओरखडा उमटला तरच ते घेत. छापखान्याचे जुने खिळे कोणी आणून दिले तर परत करत. त्यात भेसळ असते, गोळी कडक होते, जुन्या नळीला ती चालत नाही. शिसे पातळ झाले की त्यात मेणाचा खडा टाकायचे. भसकन धूर येई आणि मळी वर जमे, ती चमच्याने काढून टाकायची. साचा दिव्यावर धरून आतून काजळी धरवायची म्हणजे गोळी चिकटत नाही. पहिल्या दोन-तीन गोळ्या सुरकुतलेल्याच निघत, कारण साचा थंड असतो. त्या परत पळीत. मग साचा तापला की एकेक अशी गुळगुळीत गोळी कोरड्या गोणपाटावर पडे की हात लावायचा मोह आवरत नसे. शेवटी वरच्या पात्याने शेपूट कापायचे. आजी आम्हाला राखेने हात घासायला लावल्याशिवाय जेवायला वाढत नसे. शिसे पोटात जाऊन हळूहळू विष भिनते हे तिला कोणी शिकवले होते कोण जाणे, पण नियम बरोबर होता.

नुसती गोळी ओतून भागत नाही. काळी दारू जळली की नळीत काजळीचा थर बसतो. दोन-तीन बार झाले की तो इतका कडक होतो की पुढची गोळी गजाने ठासता ठासता मध्येच अडकते, आणि अडकलेल्या गोळीवर बार काढला तर नळी फुटते. म्हणून गोळीभोवती वंगण लावलेला कापडाचा तुकडा गुंडाळायचा. वंगणाने काजळी मऊ राहते. आजोबांचे वंगण म्हणजे मधमाशीचे मेण आणि तिळाचे तेल. उन्हाळ्यात मेण जास्त, थंडीत तेल जास्त. आजोबांना चरबीचे वावडे नव्हते, मारलेले डुक्कर ते खात. पण आजी माळकरी. "चरबीची वाटी माझ्या चुलीवर चढायची नाही," एवढे एकच वाक्य, आणि तिळाचे तेल आले.

हे वाचताना तुम्हाला १८५७ आठवले असेल. मलाही पुढे शाळेत तो धडा आला तेव्हा आमची शेगडीच डोळ्यांसमोर आली. नव्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीला आतून पेच होते, त्यामुळे वंगणाशिवाय गोळी धड उतरणारच नाही. वंगण कागदी काडतुसाला लावलेले, आणि ते काडतूस दाताने तोडायचे. गाय की डुक्कर, हा प्रश्न तिथे उभा राहिला. जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली, आणि महिनाअखेर सरकारनेच हुकूम काढला की काडतुसे कोरडी द्या, शिपायांनी आपल्याला चालेल ते वंगण लावावे. म्हणजे आजीच्या चुलीवर जे सहज सुटले तेच. पण तोवर विश्वास गेला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, मे महिन्यात मेरठ. वरसईच्या गोडसे भटजींनाही महूजवळ शिपायांनी काडतुसांचीच हकीकत सांगितली, 'माझा प्रवास'मध्ये आहे ती.

असो. मूळ मुद्दा लुटीचा.

सह्याद्रीच्या काळ्या कातळात शिसे सापडत नाही. आपल्याकडे बंदुकीच्या गोळीला लागणारे शिसे बाहेरूनच यायचे, आणि त्याचे एक मोठे दार म्हणजे सुरत. इंग्रजांच्या जहाजांतून सुवाळीच्या बंदरात बनातीबरोबर शिसेही उतरायचे. तेव्हा कोठीत शिसे भरपूर असणार, इथपर्यंत आमची घरची गोष्ट पटण्यासारखी आहे.

मग मी त्या वेळच्या कोठीतल्या माणसाचे पत्र वाचले. एस्कॅलियट नावाचा पाद्री जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या कोठीतच होता. त्याने त्याच महिन्यात इंग्लंडात नॉर्विचच्या डॉ. थॉमस ब्राऊन यांना सगळी हकीकत लिहून पाठवली. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, शहर रिकामे होऊ लागले, आणि इंग्रजांचा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झेंडन कोठी सोडायला तयार होईना. पाद्री लिहितो की कोठीत एकही हात रिकामा नव्हता. काही जण शिसे वितळवून गोळ्या ओतत होते, काही छिन्नीने शिशाचे तुकडे पाडत होते. वाचताना मला आमच्या अंगणातली मळी जळाल्याचा वास आला, खोटे नाही सांगत. फरक इतकाच की त्या गोळ्या आपल्या माणसांवर झाडायला होत्या.

आणि कोठी पडली नाही! वीरजी व्होरासारख्या सावकारांची घरे लुटली गेली, इंग्रजांचा अँथनी स्मिथ बाहेर सापडला आणि काही दिवस कैदेत राहिला, पण कोठीत आपले लोक शिरले नाहीत. १६७० च्या दुसऱ्या लुटीतही कोठी टिकली. महाराजांना सुरतेहून न्यायची होती ती दौलत मिळाली. एका कोठीसाठी माणसे खर्ची घालण्यात हशील नव्हते. मला तर हा हिशेब चोख वाटतो. पण मग जी कोठी लुटलीच नाही तिथून साचा कसा येणार?

राहिला तो १६ चा आकडा. आजोबांच्या डब्यात एक जुनी गोळी शिल्लक आहे. नातवाचा एक मित्र वराछ्यात हिऱ्याच्या कारखान्यात आहे, त्याच्या काट्यावर ती ठेवली. सगळे हसले, पण काटा प्रामाणिक. १४० कॅरेट, म्हणजे २८ ग्रॅम. आता आपण बाराबोर म्हणतो ना, त्याचा अर्थ एका पौंड शिशात त्या मापाच्या बारा गोळ्या होतात. सोळाबोर म्हणजे सोळा. २८ गुणिले १६, ४४८ ग्रॅम. पौंड ४५३.६ चा. बँकेत असतो तर या साडेपाचाच्या फरकासाठी रात्री दहापर्यंत बसलो असतो, पण ओतीव गोळीला एवढे माफ. १६ हे साल नव्हे, गोळीचे माप आहे. आणि असा शेपूट कापायच्या पात्याचा, नंबर ठोकलेला साचा महाराजांच्या काळातला नसून पुढे विलायती शिकारी बंदुकांबरोबर येत असे तसला आहे. पणजोबा गायकवाड सरकारच्या जंगल खात्यात होते, बंदूक आणि साचा त्यांच्यापासूनच घरात असावा.

दादाला फोन केला. तो ८१ वर्षांचा आहे, हृदयाचे ऑपरेशन झालेले. सांगू की नको, दोन दिवस घोळत होतो. सगळे ऐकून बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू लहानपणापासून असाच. बाबांचीसुद्धा बेरीज तपासायचास." फोन ठेवला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे जेवले नाहीत नीट. पण विचारतायत, त्या चिठ्ठीवर आजोबांचं नाव तरी घालणार आहात का?"

घातले. चिठ्ठी अशी लिहिली: "ठासणीच्या बंदुकीचा गोळीसाचा, सोळाबोर. सोनगड." त्याखाली आजोबांचे पूर्ण नाव, आणि शेवटच्या ओळीत "वंगण: मेण आणि तिळाचे तेल, आजीच्या हुकुमाने." आजोबा गेले त्याच वर्षी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती, म्हणून साच्याशेजारी ती एकटी गोळीच ठेवली. दादा प्रदर्शनाला आला. चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिथे उभ्या असलेल्या शाळकरी पोरांना पाण्याचा थेंब आणि मनगटावरचा डाग सांगत बसला.

तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर असा अडकित्त्यासारखा साचा असेल तर दांडीवरचा नंबर पाहून जरूर कळवा. कोकणातल्या मंडळींकडे नक्की असणार.