युनिक्सचें दप्तर

आपण खिशांतल्या फोनमध्यें एखादें छायाचित्र ठेवतों, त्याला नांव देतों, आणि नकोसें झालें म्हणजे पुसून टाकतों. या साध्या व्यवहारामागें दप्तर ठेवण्याची एक पद्धति आहे आणि तिलाहि इतिहास आहे. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं तिचा पाया घातला गेला. पुढें १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्स लिहावयास घेतलें तेव्हां त्यानें हीच पद्धति पुढें चालविली, आणि ॲण्ड्रॉइडचा फोन लिनक्सच्या गाभ्यावरच चालतो. म्हणून ही हकीकत दूर देशची असली तरी आपल्या घराबाहेरची नव्हे.

युनिक्सच्या आधीं मल्टिक्स होतें. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्रसंस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल प्रयोगशाळा या तिघांनीं मिळून, एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळीं वापरतां यावा म्हणून तो घाट घातला होता. १९६५ सालीं डेली आणि न्यूमन यांनीं त्यासाठीं फायलींची मांडणी सुचविली. एक मूळ डिरेक्टरी, तिच्यांत दुसऱ्या डिरेक्टऱ्या, त्यांच्या पोटांत आणखी, आणि शेवटीं फायली. डिरेक्टरी म्हणजे आज आपलीं मुलें ज्याला फोल्डर म्हणतात तें. वंशावळीसारखी ही रचना आतां इतकी अंगवळणी पडली आहे कीं ती कोणाला तरी सुचावी लागली होती याचें आपल्याला भानहि नसतें. पण मल्टिक्सचें काम लांबत गेलें, आणि १९६९ मध्यें बेल प्रयोगशाळेनें त्यांतून अंग काढून घेतलें.

मागें राहिलेल्यांत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची होते. नवें यंत्र घेऊन द्यावें म्हणून त्यांनीं वरिष्ठांकडे केलेल्या मागण्या फेटाळल्या गेल्या. तेव्हां थॉम्प्सन, रिची आणि रड कॅनडे या तिघांनीं फळ्यावर व चिठोऱ्यांवर फायलींच्या व्यवस्थेचा नुसता आराखडा मांडून ठेवला. पुढें थॉम्प्सनला पीडीपी-७ नांवाचें, फारसें कोणी न वापरणारें एक लहान यंत्र सांपडलें. त्या उन्हाळ्यांत त्याची पत्नी लहान मुलाला घेऊन आप्तांना भेटण्यासाठीं कांहीं आठवडे कॅलिफोर्नियास गेली, आणि तेवढ्या अवकाशांत या गृहस्थानें फळ्यावरचा आराखडा चालता करून दाखविला.

त्या मांडणींतली खरी खुबी नांवाच्या बाबतींत आहे. जन्म शाळेंत गेल्यामुळें मला ती हजेरीपटाच्या दाखल्यानेंच सांगतां येईल. शाळेंत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची जनरल रजिस्टरांत नोंद होऊन त्याला एक क्रमांक मिळतो. वर्गाच्या हजेरीपटावर नांव व तो क्रमांक असला म्हणजे पुरतें. युनिक्सची डिरेक्टरी हा असा हजेरीपट आहे. तिच्यांत फायलीचें नांव आणि एक क्रमांक याखेरीज कांहीं नव्हतें. फाईल कोणाच्या मालकीची, केवढी, ती कोणीं वाचावी, केव्हां बदलली, तिचा मजकूर तबकडीवर कोणत्या जागीं आहे, हा सारा तपशील त्या क्रमांकाच्या नोंदींत. या नोंदीला ते लोक आय-नोड म्हणत. येथें मात्र शाळेचा दाखला अपुरा पडतो, कारण या रजिस्टरांत नांवच लिहिलेलें नसतें. फाईल ही स्वतः बिननांवाची वस्तु आहे. नांव असतें तें डिरेक्टरींत.

एवढें ध्यानांत आलें कीं बाकीचें आपोआप उलगडतें. एकाच फायलीला दोन डिरेक्टऱ्यांत दोन नांवें असूं शकतात, जसा एकच विद्यार्थी सातवीच्या पटावर आणि शिष्यवृत्तीच्या वर्गाच्या पटावरहि असतो. 'एल्‌एन्' ही आज्ञा असें दुसरें नांव जोडते. 'एम्‌व्ही' या आज्ञेनें फाईल एका डिरेक्टरींतून दुसरींत जाते असें आपण म्हणतों, पण तबकडी एकच असेल तर मजकूर जागचा हलतहि नाहीं. एका पटावरचें नांव खोडून दुसऱ्यावर लिहिलें जातें, इतकेंच. आणि 'आर्‌एम्' या आज्ञेनें फाईल पुसली जाते हेंहि पूर्ण खरें नाहीं. तिनें फक्त नांव खोडलें जातें. शेवटचें नांव खोडलें गेलें आणि ती फाईल उघडून बसलेला कोणी उरला नाहीं, म्हणजे मग तिची जागा मोकळी समजून दुसऱ्याला दिली जाते.

आरंभीं ही व्यवस्था अगदीं ओबडधोबड होती. पीडीपी-७ वर मार्गनामें नव्हतीं, म्हणजे मुळापासून पायरीपायरीनें फायलीचा पत्ता सांगण्याची सोयच नव्हती. दुसऱ्याच्या डिरेक्टरींतली फाईल हवी असेल तर आधीं आपल्या डिरेक्टरींत तिला एक नांव जोडून घ्यावें लागे. यंत्र चालू असतां नवी डिरेक्टरी उघडतां येत नसे. एका डिरेक्टरींतून दुसरींत जाण्याच्या आज्ञेची तर रिचीनें स्वतः एक मौज लिहून ठेवली आहे. प्रत्येक आज्ञा पार पाडण्यासाठीं एक वेगळी प्रक्रिया निर्माण करावी असें त्यांनीं ठरविलें, आणि त्याबरोबर ही आज्ञा चालेनाशी झाली. पुष्कळ डोकेफोड झाल्यावर उमगलें कीं आज्ञा बरोबर चालत होती, पण जागा बदलत होती ती त्या नव्या प्रक्रियेची, आणि ती तर काम होतांच नाहींशी होई. निरोप्या पुण्यास पोंचला म्हणून धनी पुण्यास पोंचत नाहीं! तेव्हांपासून ही एक आज्ञा धन्यानें, म्हणजे 'शेल' या आज्ञा घेणाऱ्या कार्यक्रमानें, जातीनें पाळावी असा प्रघात पडला.

पुढें पीडीपी-११ हें यंत्र आलें. त्याची तबकडी अवघी सव्वापांच लाख अक्षरें मावतील एवढी होती. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका पाहिली तर एल्‌एस्, सीपी, एम्‌व्ही, आर्‌एम्, फाइंड या आज्ञा तिच्यांत आढळतात, आणि त्या अद्याप वापरांत आहेत. हीं नांवें इतकीं तोकडीं कां? त्या काळीं आज्ञा टेलेटाइप यंत्रावर बडवाव्या लागत, आणि तें सेकंदास दहा अक्षरें उमटवी. अक्षर वाचलें तर वेळ आणि बोट दोन्हीं वाचत. ही काटकसर कधीं कधीं हास्यास्पदहि होई. नवी फाईल निर्माण करण्याच्या 'क्रिएट' या हांकेंतलें शेवटचें अक्षर त्यांनीं गाळलें होतें. पुन्हा संधि मिळाली तर काय बदलाल, असें पुढें थॉम्प्सनला विचारलें असतां, तेवढें अक्षर घालीन, असें त्यानें उत्तर दिलें.

दुसरी अशीच गोष्ट टिंबांची. प्रत्येक डिरेक्टरींत एक टिंब हें तिचें स्वतःचें नांव व दोन टिंबें हें तिच्या वरच्या डिरेक्टरीचें नांव म्हणून असे. यादी दाखवितांना हीं दोन नांवें वगळावींत म्हणून कोणीतरी एल्‌एस् मध्यें सोपी तपासणी घातली: नांवाचें पहिलें अक्षर टिंब असेल तर तें सोडून द्यावें. त्यामुळें टिंबानें सुरू होणारें कोणतेंहि नांव यादींतून लपूं लागलें, आणि लोकांनीं त्या चुकीचाच फायदा घेऊन आपल्या फायली लपविण्याची रीत पाडली. हा प्रकार बेल प्रयोगशाळेंतलेच रॉब पाइक यांनीं पुढें उजेडांत आणला. मला तर आळसांतून निघालेल्या रूढींचें यापेक्षां स्वच्छ उदाहरण ठाऊक नाहीं.

फायली वाढल्या तशी शोधाची निकड वाढली. पुढें डिक हेट यांनीं रचलेली 'फाइंड' ही आज्ञा डिरेक्टऱ्यांच्या सगळ्या शाखा एकेक करून हिंडते आणि नांव, वय, आकार, मालक अशा खुणांवरून फाईल हुडकते. नांव आठवत नसून आंतला एखादा शब्द तेवढा आठवत असेल तर 'ग्रेप' उपयोगी. डग मॅकिलरॉय यांनीं तें हत्यार मागितलें, आणि थॉम्प्सननें तें आपल्या संपादन-कार्यक्रमांतून सोडवून रातोरात हातीं ठेवलें. १९७३ च्या माहितीपुस्तिकेंत तें आलें. मोठ्या तबकडीवर सगळ्या शाखा हिंडावयास फार वेळ लागूं लागला तेव्हां १९८३ सालीं जेम्स वुड्स यांनीं सर्व नांवांची एक आवळलेली सूची आधींच तयार ठेवून तिच्यांत शोधण्याची युक्ति प्रसिद्ध केली. कारकुनानें प्रत्येक कपाट उघडण्यापेक्षां अनुक्रमणिका पाहावी, तसेंच हें. सूची जुनी असेल तर मात्र नवी फाईल तींत सांपडत नाहीं.

आतां या दप्तराची धोक्याची बाजू. तारका हें चिन्ह 'येथील सर्व' या अर्थीं चालतें. पण तिचा अर्थ शेल आधींच लावून टाकतो आणि आर्‌एम् पुढें नांवांची लांबलचक यादी जाते. माणसानें तारका लिहिली होती हें आर्‌एम् ला कळतच नाहीं. 'अमुक शेपटाच्या सर्व फायली' असें लिहितांना तारका आणि शेपूट यांच्यामध्यें चुकून एक मोकळी जागा पडली तर त्याचा अर्थ 'सर्व फायली, आणि शिवाय शेपूट नांवाची एक' असा होतो. आर्‌एम् सहसा विचारीत नाहीं, आणि तिनें खोडलेलें नांव परत आणणारी जोडीची आज्ञा नाहीं. जाणत्या माणसाला कोणी वाटेंत आडवूं नये, असें या मंडळींचें मत होतें. आपल्यासाठीं दप्तर लिहिणाऱ्या दहावीस तज्ज्ञांना तें शोभलें. पण नंतर लक्षावधि लोकांनीं तें वापरलें.

१९९८ सालीं पिक्सार या चित्रपटसंस्थेंत 'टॉय स्टोरी २' तयार होत असतां कोणाकडून तरी हीच आज्ञा, सर्व पोटडिरेक्टऱ्यांसह, भलत्या जागीं दिली गेली. वुडी या बाहुल्याच्या फायली एकेक नाहींशा होत असल्याचें समोर बसलेल्यांना दिसलें. त्यांनीं यंत्र बंद करावयास सांगितलें, तोंवर चित्रपटाचा बहुतेक भाग गेला होता. राखून ठेवलेल्या प्रती काढल्या तों त्याहि अपुऱ्या निघाल्या, कारण प्रती घेण्याचें काम मध्येंच बिघडलें होतें आणि तें कोणीं तपासलें नव्हतें. मग गेलिन ससमन या तांत्रिक संचालिकेला आठवलें कीं तान्ह्या मुलासाठीं घरीं राहून काम करतां यावें म्हणून आपल्या घरच्या यंत्रावर चित्रपटाची प्रत आहे. तें यंत्र पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून कचेरींत आणलें गेलें आणि बहुतेक फायली परत मिळाल्या. पुढें कथानकच पसंत न पडल्यामुळें चित्रपटाचा मोठा भाग पुन्हा नव्यानें केला गेला, आणि तो १९९९ च्या नोव्हेंबरांत पडद्यावर आला.