आण्यांत मोजलेली माती, आण्यांत मोजलेला हंगाम

मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीच्या घाटमाथ्यावर, मुसळधार कोसळणारा पाऊस पूर्वेकडे अथणीपर्यंत पोहोचेतो इतका विरळ होतो, की बेळगाव या एकाच जिल्ह्यात भात आणि जिरायती ज्वारी यांची दोन वेगळी जगे नांदतात. तंबाखूसाठी ओळखला जाणारा निपाणी-चिकोडीचा पट्टा या दोहोंच्या मध्ये पडतो. अशा मुलखात जमिनीची ‘चांगली’ आणि ‘वाईट’ अशी सरळ वाटणी करणे शक्य नव्हते; मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीकडे त्यासाठी आण्यांचे माप होते.

गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1835 नंतर इंदापुरात घडवलेली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने नियमबद्ध केलेली ही पद्धत विंगेटच्याच देखरेखीखाली दक्षिण मराठा मुलखात आली. प्रतबंदीचा, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणारा, कारकून शेताच्या कच्च्या नकाशावर चौकटी पाडी, प्रत्येक चौकटीत माती खणून तिची खोली हातांत मोजी आणि चुनखड, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणे अशा दोषांच्या खुणा करी. पावणेदोन हात खोल, एकजीव काळी माती सोळा आणे ठरे. प्रत्येक दोषागणिक प्रत एका पायरीने खाली उतरे. लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये मांडलेल्या ‘फझी’ संचांत, म्हणजे ज्यांतले सदस्यत्व ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे न ठरता शून्य ते एक यांमधल्या मात्रेने मोजले जाते अशा संचांत, नेमकी हीच दृष्टी आहे. फरक इतकाच, की कारकुनाची मात्रा सारा, म्हणजे जमीन महसूल, ठरवण्यासाठी होती.

काळाचा हिशेब मात्र वेगळ्या दप्तरात राहिला. साऱ्याचे दर साधारण तीस वर्षांसाठी बांधले जात आणि पर्जन्यमान, बाजाराचे अंतर वगैरे पाहून गावांचे गट पाडले जात, त्यामुळे वर्षावर्षाचा चढउतार सरासरीत विरून जाई. त्या त्या हंगामाचे पीक किती आणे आले हे आणेवारीत लिहिले जाई, पण तेही गावाच्या मापाने. आणेवारी किती लागते यावर साऱ्याची तहकुबी अवलंबून असल्याने त्या आकड्यावरून रयत आणि सरकार यांच्यात ओढाताण होई, हे ओघानेच आले.

आजचे फझी पर्यावरणीय प्रारूप मातीचे आणि हंगामाचे हीच दोन दप्तरे चौकटीचौकटीने जुळवते. समजा, दूधगंगेकाठच्या काळ्या रानाचा ‘उथळपणा’ 0.2, निपाणीकडील एखाद्या मुरमाड माळाचा 0.8 आणि पावसाच्या उघडिपीची ‘दीर्घता’ 0.7 धरली; ‘जमीन उथळ आणि उघडीप दीर्घ असेल, तर पिकावर ताण’ या नियमात ‘आणि’साठी दोहोंतली लहान मात्रा घेण्याची रीत आहे, म्हणून काळ्या रानावरचा ताण 0.2 येतो आणि माळावरचा 0.7. उघडीप लांबली तरी काळ्या रानाचा आकडा 0.2 च्या वर जात नाही, माळाचा मात्र 0.8 पर्यंत चढतो.

दरम्यान सरकारी दप्तरेही बदलत गेली: बेळगाव 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेले, दशमान चलनानंतर महाराष्ट्रात आणेवारीची पैसेवारी झाली, आणि 2016 च्या केंद्रीय दुष्काळ नियमावलीने भर पर्जन्यतूट, उपग्रहीय निर्देशांक आणि मातीतील ओलावा यांवर दिला. हवामान खात्याच्या वर्गवारीत मात्र 19 टक्के तूट ‘सामान्य’ आणि 20 टक्के तूट ‘अपुरा पाऊस’ ठरते. विंगेटच्या कारकुनाने मातीच्या बाबतीत टाळलेली रेघ पावसाच्या बाबतीत अजून कायम आहे.