शाळा निवडणारे पालक : दीडशे वर्षांचा एक प्रश्न



जानेवारी-फेब्रुवारी उजाडला की घराघरांत एक चर्चा सुरू होते. महापालिकेची नाहीतर जिल्हा परिषदेची शाळा दोन गल्ल्या सोडून आहे. फी नाही, पुस्तके मोफत, दुपारचे जेवणही मिळते. आणि तरी आईवडील पिवळ्या बसच्या शाळेचा फॉर्म आणतात, फीच्या हप्त्यांचे गणित मांडतात, कुठला तरी दागिना मोडायचा विचार करतात. यावर 'दिखाव्याची हौस, दुसरं काय' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते पटत नाही. कर्ज काढून कोणी दिखावा करील, पण वर्षानुवर्षे पोट मारून करणार नाही. या निवडीच्या मागे काहीतरी हिशेब आहे, आणि तो हिशेब आजचा नाही. तो कसा बनत गेला एवढेच आज पाहायचे आहे.

सुरुवात पुण्यातल्या एका पालकापासून करू. गोविंदराव फुले. भाजीपाला आणि फुलांचा व्यवसाय, थोडी शेती. मुलगा जोती हुशार, शाळेत घातलेला. पण दुकानातल्या कारकुनाने कान भरले की शिकून हा पोरगा कामातून जाईल, आणि गोविंदरावांनी त्याला शाळेतून काढून मळ्यात लावले. पुढे शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ यांनी त्यांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये जोती पुन्हा शाळेत गेला. ती शाळा होती स्कॉटिश मिशनची. म्हणजे आजच्या भाषेत खासगी, इंग्रजी शिकवणारी. आणि धर्म बाटेल ही भीती होतीच. एका माळ्याच्या घरात, शेजाऱ्यांच्या सल्ल्याने, भीती आणि आशा तागडीत घालून झालेला हा निर्णय. त्या एका निर्णयावर महाराष्ट्राचा केवढा इतिहास उभा आहे ते सांगायला नको.

आता चाळीस वर्षे पुढे येऊ. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडलेली, बरोबर टिळक आणि नामजोशी, लवकरच वामन शिवराम आपटे आणि आगरकर आले. विश्रामबागवाड्यात सरकारी हायस्कूल होतेच. पालकांपुढे दोन शाळा आल्या : एक सरकारी, एक खासगी. पण बघा, त्या वेळी महाग कोणती होती? सरकारी. खासगी शाळा स्वस्त शिक्षण देण्यासाठीच काढलेली होती आणि तिचे तरुण शिक्षक तुटपुंज्या पगारावर राबत होते. 'खासगी' या शब्दाला तेव्हा त्यागाचा आणि देशाभिमानाचा वास होता. आज तो शब्द उच्चारला की पहिल्यांदा फीची पावती डोळ्यांपुढे येते. एकाच शब्दाचा अर्थ शंभर वर्षांत असा उलटा होतो, तेव्हा 'खासगी चांगले की सरकारी' हा प्रश्न काळाचा संदर्भ दिल्याशिवाय विचारताच येत नाही.

याच पुण्यात १८८२ मध्ये हंटर आयोगाचे काम चालले होते. आयोगापुढचा मोठा प्रश्न असा की सरकारने शाळा-कॉलेजे स्वतः चालवावीत, की हळूहळू बाजूला होऊन खासगी संस्थांना अनुदान द्यावे? या विचाराची बीजे वुडच्या १८५४ च्या खलित्यात होती. हंटर न्यू इंग्लिश स्कूल पाहून गेले आणि त्यांनी तिचे तोंडभर कौतुक केले. ते योग्यच होते. आयोगाची शिफारसही त्याच दिशेने गेली : माध्यमिक आणि उच्च शिक्षणातून सरकारने क्रमाक्रमाने अंग काढून घ्यावे, प्राथमिक शाळा म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डांकडे द्याव्यात.

आयोगापुढे जोतीराव फुल्यांनीही निवेदन दिले. त्यांचा मुख्य आक्षेप आपल्याला माहीत असतो. शेतकऱ्याच्या सारातून पैसा गोळा होतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. हे नुसते भाषण नव्हते. सारा भरताना रुपयामागे एक आणा लोकल फंड द्यावा लागे आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखलेला असे. म्हणजे ज्याचे पोर शाळेत जात नव्हते तोही शाळेचे पैसे भरत होता. पण त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा आहे, ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेऊ नये, कारण तसे केल्याने शिक्षणाचा प्रसार तर खुंटेलच, शिवाय तटस्थता धोक्यात येईल, असे ते म्हणतात.

हे कोण म्हणतो आहे? ज्याने १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तो. ती शाळा सरकारी नव्हती. दक्षिणा फंडातून पुढे मदत मिळाली, पण काढली ती स्वतःच्या हिमतीवर. म्हणजे खासगी शाळा चालवणे काय असते हे फुल्यांना ऐकून माहीत नव्हते, केल्याने माहीत होते. तरी ते म्हणतात, सरकारने जाऊ नये. आम्हाला वाटते, त्यांना दिसत होते ते असे. शाळा समाजाच्या हाती सोडली तर ती समाजातल्या ज्याच्याकडे पैसा, विद्या आणि फुरसत आहे त्याच्या हाती जाते. पुण्यात तो कोण होता हे उघड होते. सरकार परके होते, कंजूष होते, पण त्याच्या शाळेच्या दारात निदान तत्त्व म्हणून तरी कोणाला 'तू कोण?' असे विचारता येत नव्हते. प्रत्यक्षात विचारले जात होते, अस्पृश्यांच्या मुलांना बाहेर बसवले जात होते, हा भाग वेगळा. पण तत्त्व असले की त्यावर बोट ठेवून भांडता तरी येते. जिथे तत्त्वच नाही तिथे भांडणार कशाच्या आधारावर?

यानंतरचा काळ सक्तीचा. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये सर्व राज्याला लागू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया म्हणजे गंमत नव्हती. इथे पालकाच्या निवडीला जागाच नाही. आणि सक्ती का लागली? कारण पोराला शाळेत पाठवणे म्हणजे शेतावरचे दोन हात कमी होणे. तो पालक मूर्ख नव्हता. त्याचाही हिशेबच होता, फक्त शाळेकडून काय परत मिळते याचा दाखला त्याच्या सात पिढ्यांत नव्हता.

हा दाखला निर्माण केला तो कर्मवीर भाऊराव पाटलांसारख्यांनी. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे साताऱ्याला आली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, राबून शिकत. आता ही संस्था सरकारी की खासगी? कागदावर खासगी. पण ज्या गावाला सरकार पोचले नव्हते तिथे ती पोचली. न्यू इंग्लिश स्कूल हा 'खासगी'चा एक अर्थ, रयत हा दुसरा. पुढे महाराष्ट्रात जे 'अनुदानित शाळा' म्हणून वाढले ते याच दोन झाडांचे कलम : इमारत आणि कारभार संस्थेचा, पगार सरकारचा. आज पन्नाशी-साठीतला मराठी माणूस 'आम्ही साध्या शाळेत शिकलो' असे अभिमानाने म्हणतो तेव्हा त्याची माध्यमिक शाळा पुष्कळदा सरकारी नसते. ती अनुदानित असते. डॉक्टरांचा मुलगा आणि त्यांच्या कंपाउंडरचा मुलगा एका बाकावर बसल्याच्या ज्या आठवणी आपण ऐकतो त्या बहुधा तिथल्या. जात आणि वस्ती यांच्या भिंती तिथेही होत्या, फार गोड चित्र रंगवायला नको. पण फी ही भिंत नव्हती.

मग हे विसकटले कुठे? इंग्रजीपाशी, असे सगळे म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण ही गोष्टही जुनी आहे. १९५४ च्या जानेवारीत मुंबई सरकारने आदेश काढला : इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन किंवा इंग्रजी मातृभाषा असलेल्यांखेरीज इतर मुलांना घेऊ नये. हेतू वाईट नव्हता. मातृभाषेतून शिक्षण हा स्वातंत्र्य चळवळीचा आग्रह होता. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था न्यायालयात गेली, पालकही गेले. त्यांपैकी एक गुजराती हिंदू डॉक्टर होते. घरची भाषा गुजराती, आणि मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे होते. उच्च न्यायालयात सरकार हरले, सर्वोच्च न्यायालयातही त्याच वर्षी हरले. केवळ भाषेच्या कारणावरून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, असा निकालाचा आशय.

या खटल्याकडे आम्हाला पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. डॉक्टरांचे चुकले का? स्वतः इंग्रजीच्या बळावर डॉक्टर झालेल्या माणसाला 'तुझ्या मुलाने मात्र त्या वाटेने जाऊ नये' असे राज्याने सांगावे, आणि त्याच वेळी वरची कॉलेजे, वरची न्यायालये, वरच्या नोकऱ्या इंग्रजीतच ठेवाव्यात? जिना वरच्या मजल्यावर तसाच ठेवायचा आणि खालच्या चार पायऱ्या काढून घ्यायच्या. पालकांना हे बरोबर कळले. सरकारला कळायला २००० साल उजाडावे लागले, जेव्हा रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तोवर ज्यांना जाणे शक्य होते ते गेलेले होते.

दुसरीकडे अनुदानाची दारे बंद होत होती. १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयांत 'विनाअनुदानित' हा शब्द रुळला, तो खाली शाळांपर्यंत झिरपला. एका टप्प्यावर तर शाळांना 'कायम विनाअनुदानित' म्हणून मान्यता मिळू लागली. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला या 'कायम' शब्दाचे मोठे कुतूहल. जगात कायम काय आहे यावर आमच्या दर्शनांनी दोन हजार वर्षे वाद घातला आणि मंत्रालयाने तो एका शासन निर्णयात मिटवला! २००९ मध्ये तो शब्द वगळला गेला, पण अनुदानाच्या टक्क्यांसाठी शिक्षक आझाद मैदानावर बसतच राहिले. आणि २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. नावातच सांगितले आहे : तुमचे तुम्ही बघा.

अल्बर्ट हर्शमन नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते. १९७० मध्ये त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. कोडे त्यांना नायजेरियातल्या रेल्वेने घातले. ट्रकची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारत का नाही? त्यांचे उत्तर असे की ज्यांनी ओरडा केला असता तेच गिऱ्हाईक आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते, ज्यांच्या ओरडण्याला कोणी भीत नाही. हेच त्यांनी शाळांनाही लावून दाखवले. सरकारी शाळेतून पहिल्यांदा बाहेर पडतो तो पालक, जो गुरुजी आले नाहीत तर चौकशीला जातो, नळाला पाणी नाही तर नगरसेवकाचे दार ठोठावतो. तो गेला की शाळेला फक्त एक विद्यार्थी कमी होत नाही. तिचा एक वकील कमी होतो. इथे प्रत्येक पालक आपल्या मुलापुरता बरोबर असतो, आणि सगळ्यांच्या बरोबर निर्णयांची बेरीज करून शाळेचा पट वीसच्या खाली येतो. मग तिला 'समूह शाळे'त मिळवायची चर्चा सुरू होते, आणि वाडीवरच्या सात-आठ पोरांनी, त्यातही मुलींनी, रोज किती किलोमीटर जायचे हा प्रश्न उरतो. त्यांच्या पालकांना निवड करायला कोणी बोलावलेलेच नव्हते.

शेवटची गोष्ट अगदी ताजी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या. फी सरकारने भरायची. ही प्रतिपूर्ती थकते अशी संस्थाचालकांची ओरड वर्षानुवर्षांची. ९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला ही सक्ती नाही. युक्तिवाद वरकरणी सरळ होता. जवळ आमची शाळा आहेच, मग दुसऱ्याच्या शाळेची फी आम्ही का भरावी?

पण या युक्तिवादाचे उत्तर न्यायालयाच्या आधी पालकांनीच दिले. त्या वर्षी नव्या नियमाप्रमाणे अर्ज मागवले तेव्हा यादीत मुख्यतः सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या, आणि अर्ज फारच थोडे आले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, खासगी शाळा यादीत परत आल्या, आणि सुमारे एक लाख जागांसाठी दोन लाखांवर अर्ज पडले. १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्दच केला. अर्ज करणारे कोण होते? घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, वॉचमन. ज्यांच्यासाठी सरकारी शाळा चालवली जाते असे आपण म्हणतो, तेच.

आम्हाला तो निकाल योग्य वाटतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने शाळा निवडावी आणि ज्याच्या नाहीत त्याने अंतर मोजावे, हे फुल्यांच्या त्या तटस्थतेत बसत नाही. पण सोडतीत नाव न लागलेली एक लाखाहून जास्त मुले त्या जूनमध्ये, किंवा खरे तर जुलै-ऑगस्टमध्ये, कोणत्या ना कोणत्या वर्गात जाऊन बसलीच असतील. त्यातल्या किती जणांच्या आईवडिलांनी पुन्हा कर्ज काढले असेल, आणि किती जणांनी दोन गल्ल्यांपलीकडच्या शाळेत नाव घालून गुरुजींना पहिल्याच आठवड्यात नळाच्या पाण्याबद्दल विचारले असेल?

वेळ झाली आहे. समोर शिक्षक मंडळी बरीच दिसतात, पहिला प्रश्न त्यांच्याकडून घेऊ.